फॉरमॅट मारून झाल्यावरची पाच मिनिटं : खान्देशातल्या संगणक दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत संगणक विकणारे, असेंबल करणारे आणि दुरुस्त करणारे सर्व दुकानदार व कारागीर

सप्रेम नमस्कार.

तुमच्याशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगतो. मी पेढ्यांवर जाऊन टॅलीचं काम करतो. अमळनेर, पारोळा, धरणगाव, कधी सावद्याकडे केळीचे व्यापारी, कधी दोंडाईचा. संगणक मी विकत नाही आणि स्क्रू ड्रायव्हरही हातात घेत नाही, पण तुम्ही दिलेल्या मशीनसमोर दिवसभर बसतो तो मी. त्यामुळे मशीन तुमच्या दुकानातून बाहेर पडल्यावर तिचं पुढे काय होतं, ते मला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं. रॅम नीट बसलेली असते, विंडोज व्यवस्थित टाकलेली असते, प्रिंटर चालतो, टॅली उघडते. गिऱ्हाईक पैसे देऊन मशीन घेऊन जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन येतो : "भाऊ, मन्हं लॉगिन सगळं उडी गयं!"

उडालेलं काहीच नसतं. गिऱ्हाइकाला सवय क्रोमची. तुम्ही फॉरमॅट मारलात, क्रोम टाकलंत, डेस्कटॉपवर आयकॉनही ठेवलात. त्याच्या मुलाने क्रोममध्ये साइन इन करून दिलं, जुने पासवर्ड परत आले. पण डिफॉल्ट ब्राउझर, म्हणजे लिंक दाबली की आपोआप उघडणारा, राहिला विंडोजसोबत येणारा एज. मग करसल्लागाराने पाठवलेल्या लिंकवर बोट दाबलं की ती एजमध्ये उघडते, आणि तिथे ना पासवर्ड, ना बुकमार्क, ना त्याचं जीमेल. पोर्टल सगळं नव्याने विचारतं. ओटीपी जातो पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर, आणि तो मीटिंगमध्ये. तारीख वीस, म्हणजे जीएसटीचं ३बी हे मासिक विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. शेठ म्हणतात व्हायरस आला. कोणी म्हणतं पुन्हा फॉरमॅट मारा. आणि ते खरंच पुन्हा तुमच्याकडे येतात, तुम्ही पुन्हा फॉरमॅट मारता, आणि पुन्हा एजच डिफॉल्ट राहतो.

माझं मागणं एवढंच आहे. मशीन हातात देण्याआधी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारा : लिंक कशात उघडायची, मेल कशातून पाठवायचा, पीडीएफ कशात बघायची. तो सांगेल तसं लावा आणि त्याच्यासमोर प्रत्येक गोष्ट एकदा दाबून दाखवा. विचारायचं, हे महत्त्वाचं. तुमच्यातले काही जण न विचारता सरसकट सगळ्यांना क्रोम लावून मोकळे होतात. एखाद्याचं डिजिटल सहीचं टोकन गेली कित्येक वर्षं फायरफॉक्समध्ये चालतंय, एखाद्याला एजच आवडतो कारण जुन्या मशीनवर त्याला तो बरा पळतो. संगणक त्याचा आहे, दार कुठलं उघडायचं ते त्यानेच ठरवायचं.

तुम्ही म्हणाल, हे काम विंडोजचंच अवघड करून ठेवलेलं आहे, त्यात आमचा काय दोष? खरं आहे, आणि ते थोडं सविस्तर सांगण्यासारखं आहे. विंडोज ७ पर्यंत नवा ब्राउझर टाकला की तो विचारायचा, "मला डिफॉल्ट करू?" हो म्हटलं की काम झालं. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने प्रत्येक निवडीबरोबर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक गुप्त पडताळणी कोड ठेवायला सुरुवात केली. बाहेरच्या प्रोग्रॅमने परस्पर नोंद बदलली तर तो कोड जुळत नाही आणि विंडोज ती निवड मोडीत काढते. कारण दिलं गेलं सुरक्षेचं, आणि ते अगदीच खोटं नाही. फुकट सॉफ्टवेअरसोबत येऊन ब्राउझर बळकावणारी टोळी तेव्हा जोरात होती, तुम्हीही ती पाहिली आहे. पण त्या कुलपाची किल्ली स्वतः मायक्रोसॉफ्टकडेच राहिली.

विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला. दुसऱ्याच दिवशी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांना खुलं पत्र लिहिलं. तक्रार हीच होती, की जुन्या विंडोजवरून वर आलं की लोकांनी स्वतः निवडलेला ब्राउझर बाजूला पडतो आणि तो परत आणायला नको तितक्या पायऱ्या चढाव्या लागतात. पत्राने फार काही हललं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा तर कहरच झाला. लिंकांचा आणि वेबपानांचा प्रत्येक प्रकार, म्हणजे एचटीटीपी वेगळं, एचटीटीपीएस वेगळं, एचटीएम वेगळं, एचटीएमएल वेगळं, असं एकेक करून बदलावं लागायचं. बरीच ओरड झाल्यावर मार्च २०२२ च्या अपडेटमध्ये "सेट डिफॉल्ट" हे एक बटण मिळालं. म्हणजे आज विंडोज ११ वर सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स, तिथे ब्राउझरचं नाव आणि वरचं ते बटण. अर्धा मिनिट लागतो. विंडोज १० वर त्याच ठिकाणी वेब ब्राउझर आणि ई-मेल असे वेगवेगळे रकानेच आहेत, ते त्याहून सोपं.

युरोपात या भांडणाचा निकाल कागदावर लागला. २०१० पासून तिथल्या विंडोजमध्ये कुठला ब्राउझर हवा ते विचारणारा पडदा येत असे. विंडोज ७ च्या एका सर्व्हिस पॅकनंतर तो पडदा गायब राहिला, म्हणून मार्च २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड लावला. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यानंतर भारतातल्या नव्या फोनवर डिफॉल्ट सर्च इंजिन निवडायची सोय देऊ, असं गुगलने जाहीर केलं. ही मंडळी त्या एका टिचकीसाठी एवढी झटतात, कारण बहुतेक माणसं जे आधीपासून लावलेलं असतं ते कधीच बदलत नाहीत. आपल्या पेढीवर तो पडदा दाखवायला कुठला आयोग येणार नाही. तो पडदा म्हणजे तुम्हीच.

दोन गोष्टी मात्र गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यावर उगाच ठपका येतो. स्टार्ट मेनूत काही शोधलं आणि इंटरनेटवरचा निकाल दाबला, तर डिफॉल्ट काहीही असो, आपल्याकडे तो एजमध्येच उघडतो. दुसरी गोष्ट ऑफिस ३६५ मधल्या आउटलुकची. २०२३ पासून त्यातल्या लिंकाही डिफॉल्टला न जुमानता एजकडे जातात. ते मात्र बदलता येतं : आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड उघडा, तिथे फाइल आणि ब्राउझरच्या पसंतीचा रकाना आहे, त्यात डिफॉल्ट ब्राउझर निवडा. हे माहीत नसलं की माणूस डिफॉल्ट ॲप्समध्ये दहा वेळा क्रोम लावून दमतो. आणि क्रोममध्ये दोन-तीन प्रोफाइल असतील, तर लिंक शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये जाते. शेठचा आणि मुलीच्या कॉलेजचा प्रोफाइल एकाच मशीनवर असला की मग बघायलाच नको.

आता मेल. ब्राउझरचा गोंधळ त्रास देतो, मेलचा गोंधळ नुकसान करतो.

पेढीवरचा माणूस बिलाच्या पीडीएफवर राइट क्लिक करतो, सेंड टू, मेल रेसिपियंट. समोर पाटी येते : एकतर डिफॉल्ट मेल प्रोग्रॅम नाही, किंवा आहे त्याला हे काम जमत नाही, आउटलुक चालवा आणि ते डिफॉल्ट करा. मशीनमध्ये आउटलुक मुळात टाकलेलंच नाही! कोणी हुशार मुलगा मग डिफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन ई-मेलपुढे क्रोम लावतो आणि पुन्हा दाबतो. पाटी तीच. इथे सगळे हात टेकतात, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातलेही बरेच टेकतात.

कारण इथे कामं दोन आहेत. वेबसाइटवरच्या ई-मेल पत्त्यावर दाबलं की विंडोजला मिळते मेलटू नावाची लिंक. त्यात नुसता पत्ता असतो, फार तर विषय आणि मजकूर. ते ब्राउझरला आणि त्यातल्या जीमेलला झेपतं. पण सेंड टू म्हटलं की विंडोज मॅपी नावाच्या जुन्या वाटेने प्रत्यक्ष फाइल उचलून मेल प्रोग्रॅमच्या हातात द्यायला जाते. नुसता पत्ता लिहिलेलं पाकीट घेणारा वेगळा आणि पार्सल ताब्यात घेणारा वेगळा. ब्राउझरमधलं जीमेल हे पार्सल घेऊच शकत नाही, सेटिंग कितीही बदला. त्यासाठी मशीनवर खराखुरा मेल प्रोग्रॅम लागतो : जुन्या पद्धतीचं आउटलुक, नाहीतर थंडरबर्ड. थंडरबर्ड फुकट आहे, २००४ पासून आहे, आणि पहिल्यांदा उघडलं की स्वतःच विचारतं, मला डिफॉल्ट करायचं का.

म्हणून गिऱ्हाइकाला आधी विचारा, मेल पाठवता कसा? जीमेल ब्राउझरमध्येच उघडणारा असेल तर दोन ठिकाणी हात लावावा लागतो. क्रोममध्ये जीमेल उघडा, पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एकावर एक ठेवलेल्या दोन चौकटींचं छोटं चिन्ह दिसतं, ते दाबून परवानगी द्या. मग विंडोजच्या डिफॉल्ट ॲप्समध्ये मेलटू शोधून त्यापुढे क्रोम लावा. यातलं एकच केलं तर अर्धवट राहतं, आणि बहुतेक मशीनवर नेमकं एकच केलेलं असतं. फायरफॉक्सवाल्यांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ॲप्लिकेशन्सच्या यादीत मेलटूपुढे जीमेल निवडायचं, आणि विंडोजमध्ये मेलटूपुढे फायरफॉक्स. रोज पन्नास बिलं मेलने पाठवणारी पेढी असेल तर सरळ थंडरबर्ड लावून द्या. विंडोजच्या जुन्या "मेल" ॲपच्या भरवशावर कोणाला ठेवू नका, त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला काढून घेतला.

थंडरबर्ड असो, आउटलुक असो की टॅलीतून थेट बिल मेल करणं असो, जीमेलचा नेहमीचा पासवर्ड टाकून चालत नाही. मे २०२२ अखेर गुगलने ती वाट बंद केली. एकतर गुगलचं साइन-इनचं पान उघडतं, तिथून आत जायचं. नाहीतर खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून ॲप पासवर्ड काढायचा आणि तो प्रोग्रॅममध्ये भरायचा. "पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिची पुढे विप्रो झाली, हे आम्ही अमळनेरकर पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. त्याच अमळनेरात मेल जोडता येत नाही म्हणून बिलाची प्रिंट काढून, तिचा मोबाइलवर फोटो काढून, तो व्हॉट्सॲपवर पाठवणारे व्यापारी मी रोज बघतो.

पण सगळ्यात वाईट प्रसंग वेगळाच. नाव-गाव सांगत नाही. एका पेढीचा मेल स्वतःच्या डोमेनवरचा, थंडरबर्डमध्ये पॉप पद्धतीने जोडलेला, आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढलेली. म्हणजे आलेला प्रत्येक मेल त्या मशीनवर उतरायचा आणि सर्व्हरवरून पुसला जायचा. मशीन स्लो झाली म्हणून दुकानात गेली. कारागिराने प्रामाणिकपणे विचारलं, "डेटा कुठे आहे?" मालक म्हणाले, "डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये." तेवढं कॉपी झालं आणि सी ड्राइव्ह साफ. थंडरबर्डचे मेल यातल्या कुठल्याच फोल्डरमध्ये नसतात, ते वापरकर्त्याच्या ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. वर्षानुवर्षांच्या ऑर्डरी, दरांचे मेल, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, बँकेचा पत्रव्यवहार, सगळं गेलं. मालकाने कारागिराला शिव्या दिल्या, कारागीर म्हणाला मला सांगितलं नव्हतं. दोघेही आपापल्या जागी खरे होते.

तेव्हा फॉरमॅटच्या आधी मेल प्रोग्रॅम उघडून बघाच. खातं आयमॅपवर असेल तर मेल सर्व्हरवर सुरक्षित असतो, नव्या मशीनवर परत उतरतो. पॉप असेल तर आधी ॲपडेटातलं थंडरबर्डचं फोल्डर उचला, किंवा आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल. नव्या आउटलुकांमध्ये ती डॉक्युमेंट्सच्या आत आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये असते, २००७ च्या काळातली असेल तर तीही ॲपडेटात सापडते. आणि नव्याने जोडताना आयमॅपच जोडा.

पीडीएफचं थोडक्यात. ब्राउझर बदलला तरी पीडीएफ बहुधा एजकडेच राहते, ती वेगळी तपासावी लागते. शेतकऱ्याचा डिजिटल सहीचा सातबारा क्रोममध्ये उघडला तर सही दिसते, पण ती खरी की खोटी हे क्रोम सांगत नाही. त्यासाठी ॲडोबी रीडर लागतो. ज्याला सातबारे, आठ अ आणि सहीचे दाखले रोज हाताळायचे आहेत, त्याला पीडीएफ रीडरमध्येच उघडू द्या.

जुन्या साइटवाल्यांचीही एक तक्रार आहे. मायक्रोसॉफ्टचा जुना ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण काही साइट अजून त्याच्याशिवाय चालत नाहीत. एजमध्ये आयई मोड लावून दिला की चालतात, तुम्ही लावूनही देता. पण पेढीवर हाताने जोडलेल्या साइटची ती नोंद ३० दिवसांनी आपोआप संपते. गिऱ्हाईक महिन्याने ओरडत येतं, "परत बंद पडलं." हे लावून देतानाच सांगितलं असतं, तर त्याने स्वतः पुन्हा टिचकी मारली असती.

तुम्ही सांगितलं नाही तर लोक काय करतात, तेही ऐका. इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधतात. जो पहिला दिसतो त्याला फोन लावतात, तो रिमोटचं ॲप टाकायला सांगतो, आणि नेटबँकिंग उघडं असलेल्या मशीनवर अनोळखी माणूस आत येतो. ब्राउझर बदलायला गेलेला माणूस मग १९३० वर सायबर तक्रार करत बसतो.

हे सगळं फुकट करा, असं मी म्हणत नाही. फॉरमॅटचे तुम्ही जेवढे घेता त्यात विंडोज, ड्रायव्हर, अँटिव्हायरस सगळं धरलेलं असतं, आणि त्या पैशात आणखी वेळ घालवणं तुम्हाला परवडत नाही, हे मला कळतं. वेगळे पैसे लावा. बिलात "ब्राउझर, मेल व पीडीएफ सेटिंग" अशी ओळ घाला आणि तिच्यापुढे रक्कम लिहा. व्यापारी माणूस नुकसान टळतंय म्हटल्यावर कुरकुर करत का होईना, देतो. वर दोन फेऱ्या वाचल्या की तुमचाही वेळ वाचतो. आणि एका कागदावर लिहून द्या : डिफॉल्ट ब्राउझर कुठला लावला, मेल कशात आहे, आयमॅप की पॉप, पीडीएफ कशात. तो कागद सीपीयूच्या डब्यावर सेलोटेपने चिकटवा. पुढच्या वेळी मशीन तुमच्याकडे येवो की दुसऱ्याकडे, बघणाऱ्याला अंदाज घेत बसायला नको.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या दुकानांपुढे जुन्या मशीनची रांग आहे. ज्यांना टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर नाही ती बाद होत आहेत, त्यांच्या जागी रिफर्बिश्ड येत आहेत, आणि त्यांत आधीच्या कुठल्यातरी ऑफिसची सेटिंगं तशीच आहेत. दिवसाला चार-पाच मशीन उरकायच्या घाईत ही पाच मिनिटं सगळ्यात आधी गळतात. ती गळू देऊ नका. सेटिंग लावून झालं की गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवा, माउस त्याच्या हातात द्या आणि म्हणा, आता तुम्ही लिंक दाबा, तुम्ही मेल पाठवा. जे अडेल ते तुमच्या दुकानातच अडू द्या.

आपला,
पेढ्यांवर टॅली लिहिणारा एक,
अमळनेर